एमबीबीएस की बीडीएस? प्रेफरन्स फॉर्म लॉक करण्याआधी

नीटचा निकाल लागला की माझ्या दवाखान्यात एक वेगळीच ओपीडी सुरू होते. दात कुणाचाच दुखत नसतो. वडील समोरच्या खुर्चीवर, आई बाकावर, आणि मुलगा किंवा मुलगी मोबाइलमधली निकालाची पीडीएफ बोटांनी मोठी करून दाखवत उभी. प्रश्न ठरलेला असतो : "मॅडम, एमबीबीएस लागलं तर लांब कुठंतरी लागेल, नाहीतर खाजगीत. दातांचं बीडीएस घेऊन टाकू का?" मागच्या वर्षी एक काका म्हणाले, "निदान नावापुढं डॉक्टर तरी लागेल." मी म्हटलं, "काका, नावापुढं दोन अक्षरं लागतील हो, पण रोज सकाळी दहाला दवाखाना उघडून बसायचंय ते पोरीला."

मी तालुक्याच्या गावात दंतवैद्यक आहे, वीस वर्षं झाली. माझा दादा एमडी मेडिसिन. दोन्ही वाटा एकाच घरात, एकाच जेवणाच्या टेबलावर बघितल्यात. त्यामुळे या प्रश्नावर मला मत आहे आणि ते मी लपवत नाही : बीडीएस म्हणजे हुकलेलं एमबीबीएस असं समजून जो येतो तो पाच वर्षं कुढत काढतो आणि पुढं पेशंटसमोरही कुढतो. ही दोन वेगळी कामं आहेत. दोन्हींत डिग्री, पांढरा कोट आणि नीट हे तिन्ही सारखं असल्यामुळे आपण त्यांना एकाच शिडीच्या वरखालच्या पायऱ्या समजतो, तिथंच घोळ होतो.

कागद-पेन घेऊन बसा. आईवडिलांसह बसा, पण पेन मुलाच्या हातात द्या.

पहिलं काम : मार्क बाजूला ठेवा, क्रमांक लिहा

"चारशे ऐंशी पडलेत, कुठं लागेल?" या प्रश्नाला उत्तरच नाही. २०२४ साली फेरनिकालानंतरही १७ जणांना ७२० पैकी ७२० होते. २०२५ साली पेपर असा निघाला की देशात पहिल्या आलेल्याला ६८६ मिळाले. खुल्या प्रवर्गाची पात्रतेची रेषा १६२ वरून १४४ वर आली. म्हणजे एकाच मार्कांची किंमत दोन वर्षांत पार बदलली. मार्क सांगून सल्ला देणारे शेजारी, मामा आणि क्लासवाले या तिघांनाही नमस्कार करा आणि पुढं चला.

कागदावर लिहायच्या तीन गोष्टी : अखिल भारतीय क्रमांक, राज्याच्या गुणवत्ता यादीतला क्रमांक, आणि आपल्या प्रवर्गातला क्रमांक. शासकीय महाविद्यालयांतल्या १५ टक्के जागा अखिल भारतीय कोट्यातून दिल्लीची समिती भरते, उरलेल्या ८५ टक्के राज्याचा प्रवेश कक्ष, म्हणजे सीईटी सेल. दोन्हीकडे नोंदणी वेगळी, तारखा वेगळ्या. एकीकडे नाव घातलं म्हणजे दुसरीकडे आपोआप जात नाही. दरवर्षी एकतरी घर यात चुकतं.

मग सीईटी सेलच्या संकेतस्थळावरून मागच्या वर्षीच्या कॅप (केंद्रीय प्रवेश प्रक्रिया) फेऱ्यांच्या याद्या उतरवून घ्या आणि आपल्या प्रवर्गाचा शेवटचा क्रमांक कुठल्या महाविद्यालयात कितीवर थांबला ते बघा. पहिल्या फेरीवर जाऊ नका, शेवटच्या फेऱ्या बघा, कारण खरी हालचाल तिथं होते. फार जुन्या याद्या मात्र काढू नका. २०२० पर्यंत आपल्याकडं ७०:३० चा विभागीय कोटा होता, तो गेला, त्यामुळे मराठवाडा-विदर्भाचे त्याआधीचे आकडे आता रद्दी आहेत. शिवाय २०२४ साली राज्यात एकाच वर्षी दहा नवी शासकीय वैद्यकीय महाविद्यालयं सुरू झाली : जालना, हिंगोली, वाशीम, बुलढाणा, गडचिरोली, भंडारा, अमरावती, नाशिक, अंबरनाथ आणि मुंबई. त्याआधीची यादी बघून "आपल्याला सरकारी लागणार नाही" असं ठरवणं म्हणजे जुन्या वेळापत्रकावर एसटीची वाट बघत बसणं.

"क्वालिफाय झालाय" या शब्दावर पेढे वाटू नका. २०२५ ला सुमारे २२ लाख मुलं परीक्षेला बसली आणि सव्वाबारा लाखांच्या वर पात्र ठरली. एमबीबीएसच्या जागा देशभरात सगळ्या मिळून सव्वा लाखाच्या आसपास.

जाता जाता धाकट्या भावंडांसाठी : राज्याच्या ८५ टक्क्यांत बसायचं तर डोमिसाइलसोबत दहावी आणि बारावी दोन्ही महाराष्ट्रातून झालेली लागते. काही ठराविक अपवाद सोडले तर यातून सुटका नाही. राजस्थानातल्या कोटा शहरात क्लास आणि बारावीचा फॉर्मही तिकडचाच भरलेली मुलं मी पाहिलीत. क्रमांक चांगला, आणि घरच्याच राज्यात परकी.

दुसरं काम : वयाचं गणित मांडा

एका ओळीत मुलाचं वय, खाली वर्षं. अठराव्या वर्षी प्रवेश धरू.

एमबीबीएस साडेचार वर्षं आणि एक वर्ष इंटर्नशिप : साडेतेवीस. शासकीय महाविद्यालय असेल तर एक वर्षाची बंधपत्रित सेवा, म्हणजे सक्तीची सरकारी नोकरी : साडेचोवीस. नीट पीजीच्या, म्हणजे पदव्युत्तर प्रवेश परीक्षेच्या तयारीला एक वर्ष धरा, कारण पहिल्या दणक्यात हवी ती शाखा फार थोड्यांना मिळते : साडेपंचवीस. एमडी किंवा एमएस तीन वर्षं : साडेअठ्ठावीस. शासकीयमधून पीजी केलं तर पुन्हा एक वर्ष बंध : साडेएकोणतीस. हृदय, मेंदू, मूत्रपिंड असलं काही डोक्यात असेल तर आणखी तीन : साडेबत्तीस. यात एकदाही नापास होणं, आजारपण किंवा लग्न धरलेलं नाही.

बीडीएस चार वर्षं आणि एक वर्ष इंटर्नशिप : तेवीस. दोन-तीन वर्षं कुणाच्यातरी हाताखाली काम : पंचवीस-सव्वीस. तिथं स्वतःचा दवाखाना उघडू शकता. एमडीएस, म्हणजे दातांमधलं पदव्युत्तर, करायचं तर तयारीचं एक आणि अभ्यासाची तीन : सत्तावीस.

हे गणित मांडल्यावर काही घरांत शांतता पसरते. आमच्याकडंही पसरली होती. मी माझ्या दवाखान्याचं पहिलं भाडं भरत होते तेव्हा माझ्याहून चार वर्षांनी मोठा दादा वसतिगृहात मेसचं वरण खात पीजीचा अभ्यास करत होता. आज तो माझ्या कितीतरी पट कमावतो. पण मधल्या वर्षांत घरचं आजारपण, आजीचं ऑपरेशन, बहिणीचं लग्न यांना पैसे माझ्या गल्ल्यातून गेले. तुमच्या घराला कुठल्या वर्षी कमावता हात लागणार आहे, हा प्रश्न स्वार्थी नाही. तो मोकळेपणानं विचारा. वडील निवृत्त कधी होणार, शेतावर कर्ज आहे का, मागे भावंडं किती, हे सगळं त्याच कागदावर यायला हवं.

तिसरं काम : पैसे दोनदा मोजा

शिकायला लागणारे पैसे सगळेच मोजतात. डिग्रीनंतरचे फारच थोडे लोक मोजतात, आणि दंतवैद्यकीत खरी मेख तिथं आहे.

आधी फी. शासकीय एमबीबीएसची फी वर्षाला लाख-दीड लाखाच्या आसपास, शासकीय बीडीएसची त्याहून कमी. खाजगी बीडीएस साधारण दोन ते चार लाख. खाजगी एमबीबीएसला राज्य कोट्यातूनही सात-आठ लाखांपासून पुढं सुरुवात, आणि अभिमत विद्यापीठात वर्षाला वीस लाखांच्या पुढं. हे अंदाज आहेत. तुमच्या वर्षीचा खरा आकडा शुल्क नियामक प्राधिकरणाच्या यादीत बघा आणि फोनवर कुणी सांगितलेला धरू नका. वसतिगृह, मेस, अनामत, 'डेव्हलपमेंट' हे वेगळं. बीडीएसला आणखी एक छुपा खर्च : हत्यारं आणि साहित्य. मेण, प्लास्टर, ठसे घ्यायचं साहित्य, बर (ड्रिलची टोकं), फाइल्स (रूट कॅनॉलच्या बारीक सुया), बरंचसं विद्यार्थी स्वतः विकत घेतो आणि ते संपत राहतं.

मुलींसाठी एक चांगली गोष्ट : जुलै २०२४ च्या शासन निर्णयानुसार आठ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या घरातल्या ईडब्ल्यूएस, एसईबीसी आणि ओबीसी मुलींचं शिक्षण आणि परीक्षा शुल्क माफ आहे, कॅपमधून प्रवेश घेतला तर. खाजगी अभिमत विद्यापीठाला हे लागू नाही. व्यवस्थापन कोट्यालाही नाही. नुसत्या या एका ओळीमुळं कुठल्या कुठल्या घरातलं गणित पालटतं.

कर्ज काढणार असाल तर हप्ता आजच काढून बघा. वीस लाख, दहा टक्के व्याज, दहा वर्षं : महिना साधारण २६,४०० रुपये. आणि शिकत असतानाचं व्याज आधीच मुद्दलात चढलेलं असतं ते वेगळं. साडेसात लाखांच्या पुढं बँक बहुधा तारण मागते, म्हणजे घराचा उतारा बाहेर निघतो.

आता हा हप्ता डिग्रीनंतरच्या कमाईशेजारी ठेवा. आमच्या भागात नुकत्याच पास झालेल्या बीडीएस मुलीला दुसऱ्याच्या दवाखान्यात महिना पंधरा-वीस हजार मिळताना मी बघते. नुसत्या एमबीबीएसला प्राथमिक आरोग्य केंद्रावर कंत्राटी जागा धरली तरी साठ हजारांच्या पुढं मिळतात. हा फरक कुणी गोड शब्दांत झाकू नये. बीडीएसचं अर्थकारण स्वतःच्या खुर्चीवर बसल्यावरच सुरू होतं, आणि ती खुर्ची फुकट येत नाही. खुर्ची, कॉम्प्रेसर, ऑटोक्लेव्ह, एक्स-रे आणि त्याचा सेन्सर, लाइट क्युअर, एंडोमोटर, पाण्याची सोय, इन्व्हर्टर, गाळ्याची अनामत. सात-आठ लाखांच्या खाली एका खुर्चीचा साधा दवाखाना आज उभा राहिलेला मी तरी पाहिला नाही. त्यावर अणुऊर्जा नियामक मंडळाकडं एक्स-रेची नोंद, प्रदूषण नियंत्रण मंडळाकडं जैववैद्यकीय कचऱ्याची परवानगी, राज्य दंत परिषदेची नोंदणी. पहिलं वर्ष तर बऱ्याचदा नुसतं बसण्यात जातं. मी माझ्या पहिल्या पावसाळ्यात दवाखान्यात बसून दोन स्वेटर विणले.

माझा ठोकताळा असा : खाजगी बीडीएसची चार वर्षांची फी आणि दवाखान्याचं भांडवल यांची बेरीज करा. ती कर्ज न काढता, किंवा निम्म्याच कर्जात निभत असेल तर विचार करा. सगळीच कर्जात जाणार असेल तर थांबा. अख्खी फी कर्जातून, मग दवाखान्याला कर्ज, आणि गावात आधीच आठ दंतवैद्यक, ही गोष्ट मी जवळून पाहिलीय. शेवटी त्या मुलानं मेडिकल कोडिंगच्या कंपनीत नोकरी धरली. नोकरी चांगली आहे, पण तिच्यासाठी दाढा काढायला शिकायची गरज नव्हती.

चौथं काम : हात तपासा

या कामाला एक अख्खा रविवार द्या. मला विचाराल तर सगळा निर्णय इथंच आहे.

बीडीएसच्या पहिल्या वर्षी शरीररचना, शरीरक्रिया, जीवरसायन हे एमबीबीएससारखेच विषय असतात, त्यामुळे मुलांना वाटतं दोन्ही एकच. फरक दुपारी कळतो. दुपारी हातात मेणाचा ठोकळा आणि कोरणी देतात आणि सांगतात, यातून सुळा काढा. मापात. मुळासकट. माझा पहिला सुळा सरांनी उजेडात धरला, फिरवला आणि म्हणाले, "हा दात आहे की भुईमुगाची शेंग?" वर्गातल्या एका मुलाचा मात्र पहिल्याच आठवड्यात असा निघाला की सरांनी तो कपाटात ठेवला. त्याचे बारावीचे मार्क माझ्याहून कमी होते.

घरी करून बघा. पांढऱ्या साबणाची वडी, पेपर कटर, मोजपट्टी. आरशात आपला सुळा बघा आणि तिप्पट मापाचा कोरा. चांगला येतोय का हे बघूच नका. दोन तास झाल्यावर तुम्हाला वेळेचं भान राहिलं होतं का, ते बघा. चिडून वडी फेकावीशी वाटली, की अजून एक घेऊन बसावंसं वाटलं?

दुसरा प्रयोग. टेबलावर कागदावर चांदणी काढा. कागदासमोर छोटा आरसा उभा करा आणि हातावर वही आडवी धरा, म्हणजे हात थेट दिसणार नाही, आरशातच दिसेल. आता चांदणीच्या रेषेवरून पेन फिरवा. पेन भलतीकडं पळतं. दंतवैद्यक वरच्या दाढांवर दिवसभर असंच काम करतो. वरच्या पहिल्या दाढेचं रूट कॅनॉल घ्या : तोंडात आरसा, आरशात दाढ, दाढेच्या तळाशी तीन भोकं आणि बऱ्याचदा एक चौथं, केसाएवढं, जे शोधल्याशिवाय दिसत नाही. ते राहिलं तर सहा महिन्यांनी पेशंट सूज घेऊन परत. खालून जीभ ढकलतेय, लाळ भरतेय, पेशंट नाकानं श्वास घेत डोळे मोठे करून तुमच्याकडं बघतोय, आणि तुमची मान एका कुशीला वाकलेली. वीस मिनिटांनी ते चौथं भोक सापडून फाइल आत सरकते तेव्हा बोटांना जे कळतं, त्याच्यासाठी मी हा धंदा करते. हे वाचून कंटाळा आला असेल तर कृपा करून बीडीएस घेऊ नका. पहिल्या प्रयत्नात आरशात चांदणी कुणालाच जमत नाही, ते शिकता येतं. पण मानेचं आणि पाठीचं दुखणं या पेशाला कायमचं चिकटलेलं आहे, तेव्हा मणक्याचा त्रास आधीच असेल तर तो तपासूनच पुढं जा.

एमबीबीएसची कसोटी वेगळी आहे, ती साबणावर होत नाही. तिथं प्रश्न अनिश्चितता सोसण्याचा. ताप आहे, सगळे रिपोर्ट साधारण आहेत, नातेवाईक विचारतायत "नक्की झालंय काय?" आणि तुम्हाला नक्की माहीत नाही. दादा रेसिडेंट होता तेव्हा एकदा सलग दीड दिवसाची ड्यूटी करून घरी आला. बूट न काढताच पायरीवर बसला. पहाटे एका तरुणाच्या बायकोला त्यानं बातमी सांगितली होती. "तिनं काहीच विचारलं नाही गं, फक्त पिशवी उचलली," एवढंच म्हणाला. मला असला प्रसंग वीस वर्षांत एकदाही आलेला नाही. माझ्याकडं माणसं घाबरतात, ओरडतात, "एका दाताचे चार हजार? अख्खी कवळी कितीला बसते?" म्हणून घासाघीस करतात, पण बहुतेक सगळी चालत घरी जातात. तुमच्या मुलाला कुठलं ओझं पेलेल?

आणि कुणी म्हणालं दातांचा डॉक्टर म्हणजे खरा डॉक्टर नव्हे, तर त्याला आमच्याकडं आठवड्याचा बाजार असतो त्या दिवशी पाठवा. गुटख्यावर राज्यात २०१२ पासून बंदी आहे, तरी मावा-गुटखा-मिश्री खाऊन तोंड दोन बोटांवर उघडत नाही अशी पंचविशीतली पोरं येतात दात साफ करायला. गालाच्या आतला पांढरा चट्टा पहिल्यांदा बघणारा डॉक्टर बहुधा मीच असते. तुकडा तपासायला पाठवणं, घरच्यांना समजावणं, परळला टाटाला जायला तयार करणं, हेही काम आमचंच.

पाचवं काम : दोन दिवस उसने घ्या

ओळखीच्या फिजिशियनकडं एक दिवस आणि दंतवैद्यकाकडं एक दिवस मुलाला कोपऱ्यात बसवा. पेशंटची परवानगी घेऊन, मोबाइल बाहेर ठेवून. सकाळपासून रात्रीपर्यंत, दुपारी जेवायला घरी न येता. संध्याकाळी विचारा, "काय बघितलंस?" एखादा आजारांबद्दल बोलतो, एखादा माणसांबद्दल, एखादा हत्यारांबद्दल. जो हत्यारांबद्दल बोलतो त्याचं मी लगेच कान देऊन ऐकते. मात्र हाच शस्त्रक्रियेच्या वाटेवरही जाऊ शकतो, त्यामुळे घाईनं शिक्का मारू नका.

सहावं काम : पुढची दारं मोजा

एमबीबीएसचा मोठा फायदा म्हणजे निर्णय पुढं ढकलता येतो. शस्त्रक्रिया, बालरोग, क्ष-किरण, मानसोपचार, भूल, किंवा रोज माणसाला हातही न लावता पॅथॉलॉजी. अठराव्या वर्षी काय आवडतं ते ठाऊक नसेल तर हे फार मोलाचं आहे. देशात एमडी, एमएस, डीएनबी मिळून पदव्युत्तर जागा सत्तर हजारांच्या वर आहेत. पण दर वर्षीचे जुनेनवे मिळून दोन लाखांवर मुलं नीट पीजीला बसतात आणि सगळ्यांना त्याच चार शाखा हव्या असतात.

बीडीएसच्या जागा सत्तावीस-अठ्ठावीस हजार, एमडीएसच्या सात हजारांच्या आसपास, म्हणजे चौघांत एक. शाखा नऊ : जबड्याची शस्त्रक्रिया, दातांच्या तारा, रूट कॅनॉल, कवळ्या-इम्प्लांट, हिरड्या, लहान मुलांचे दात, मुखरोगनिदान, मुखविकृतिशास्त्र, सार्वजनिक दंत आरोग्य. मागणी पहिल्या चार-पाचांना. खाजगीतलं एमडीएस बीडीएसच्या कितीतरी पट महाग.

आता एक गैरसमज, जो दर वर्षी माझ्या खुर्चीपर्यंत येतो : "बीडीएस करून मग एमबीबीएसला दुसऱ्या वर्षात जाता येतं ना?" नाही. ब्रिज कोर्स नाही, थेट प्रवेश नाही. पुन्हा नीट, पुन्हा पहिलं वर्ष. बीडीएसवरून एमडीही नाही. हे दार बंद आहे असं समजूनच आत या.

सरकारी नोकरीत एमबीबीएसच्या जागा गावोगावी निघतात. दंतशल्यचिकित्सकाच्या जागा मोजक्या, जिल्हा आणि उपजिल्हा रुग्णालयांत. लष्करात दोघांनाही वाट आहे, पण पुण्याच्या एएफएमसीत, म्हणजे लष्कराच्या वैद्यकीय महाविद्यालयात, एमबीबीएस आहे, बीडीएस नाही.

परदेशाचं थोडक्यात. अमेरिकेला जायचं तर एमबीबीएसवाला यूएसएमएलई ही तिथली परवाना परीक्षा देऊन रेसिडेन्सीत, म्हणजे पदव्युत्तर प्रशिक्षणात शिरतो आणि तिथं पगार मिळतो. बीडीएसवाल्याला बहुतेक राज्यांत पुन्हा तिथल्या दंत महाविद्यालयात दोन-तीन वर्षं घालवावी लागतात आणि फी डॉलरमध्ये भरावी लागते. इंग्लंडला डॉक्टरांना पीएलएबी, दंतवैद्यकांना ओआरई ही परीक्षा. आखातात दोघांच्याही परवाना परीक्षा आहेत. "बाहेर दंतवैद्यक खूप कमावतात" हे खरं, पण तिथवर पोचायचा खर्च त्या वाक्यात येत नाही.

सातवं काम : ड्रॉपचा प्रश्न ताटकळत ठेवू नका

नीटला प्रयत्नांची मर्यादा नाही, वयाची वरची अटही नाही. त्यामुळंच मुलं अडकतात. माझं मत : पहिला ड्रॉप, म्हणजे वर्षभर थांबून पुन्हा नीट देणं, योग्य, जर यंदा कुठं कमी पडलं ते नेमकं दाखवता येत असेल. "भौतिकशास्त्र झालंच नव्हतं" हे कारण झालं. "नशीब नव्हतं" हे नाही. दुसरा ड्रॉप क्रमांक थोडक्यात हुकला असेल तरच. तिसऱ्याला माझा विरोध आहे, आणि त्यावरून माझं दोन नातेवाइकांशी बोलणं बंद आहे.

"बीडीएसला प्रवेश घेऊन ठेवतो आणि आतून नीटची तयारी करतो" ही युक्ती ऐकायला शहाणपणाची. प्रत्यक्षात सकाळी शवविच्छेदन, दुपारी मेणाचा ठोकळा, रात्री जर्नल. दोन्हीकडून राहतं. वर उशिरा जागा सोडली तर दंड, फीवर पाणी आणि मूळ कागदपत्रं मिळवायला चकरा. एमबीबीएसमध्येही ढिलाई चालत नाही. पहिलं वर्ष काढायला जास्तीत जास्त चार प्रयत्न आणि सगळा अभ्यासक्रम नऊ वर्षांत, असा २०२३ पासूनचा नियम आहे.

आठवं काम : फॉर्म

एमबीबीएस आणि बीडीएसचे पर्याय एकाच यादीत भरायचे असतात, त्यामुळं वरचं सगळं भांडण शेवटी या क्रमावर येतं. नियम एकच : जे जास्त हवं ते वर. "हे काही लागणार नाही" म्हणून खाली टाकू नका. वर टाकल्यानं खालची जागा जात नाही. उलट नको असलेलं महाविद्यालय यादीत "असू दे" म्हणून ठेवलं तर तेच लागतं.

माझ्याकडं येणाऱ्या सर्वसाधारण घराला मी असा क्रम सुचवते. राज्यातली शासकीय एमबीबीएस, गाव कुठलंही असो. नवीन महाविद्यालयाला नाक मुरडू नका, पण जुनी आधी लावा. मग मुंबईतली दोन दंत महाविद्यालयं, शासकीय आणि महापालिकेचं नायर, नंतर नागपूर आणि छत्रपती संभाजीनगरचं शासकीय. त्यानंतर पैशाच्या गणितात बसणारं खाजगी एमबीबीएस किंवा ओपीडी चांगली असलेलं खाजगी बीडीएस. ज्याच्या हाताला साबणाचा दात जमला आणि ज्याला तोच हवाय, त्यानं नायर सगळ्यांत वर लावलं तरी मी त्याला वेड्यात काढणार नाही. गोव्यातल्या मुलांची प्रक्रिया वेगळी, पण बांबोळीला वैद्यकीय आणि दंत दोन्ही शेजारी आहेत, त्यांचं निदान बघायला जाणं तरी सोपं.

कागदपत्रं निकालाआधीच गोळा करा : डोमिसाइल, जात प्रमाणपत्र आणि जात वैधता, चालू वर्षाचं नॉन क्रिमिलेअर, ड्रॉप घेतला असेल तर गॅपचं प्रतिज्ञापत्र, वैद्यकीय तंदुरुस्तीचा दाखला. जात वैधतेसाठी शेवटच्या आठवड्यात समितीच्या दारात रडणारे बाप बघवत नाहीत. जागा लागल्यावर ती राखायची की पुढच्या फेरीत वरची मागायची, याचे नियम त्या वर्षीच्या माहितीपुस्तिकेत असतात आणि ते बदलतात. मागच्या वर्षीच्या मित्राला विचारू नका, पुस्तिका वाचा. फॉर्म लॉक केला की प्रिंट काढून घरातल्या दोघांनी क्रम मोठ्यानं वाचावा. महाविद्यालयाचा कोड एका आकड्यानं चुकून मुलगा भलत्या जिल्ह्यात गेलेला मला माहीत आहे.

आणि पैसे भरण्याआधी एक फेरी

सोमवारी सकाळी दहाला जा, न सांगता. मुख्य दरवाजातून शिरू नका, ओपीडीच्या बाजूनं जा. दंत महाविद्यालय असेल तर रांग बघा. किती खुर्च्यांवर माणूस आहे आणि किती खुर्च्यांवर प्लास्टिक आहे, ते मोजा. मग कँटीनमध्ये एखाद्या इंटर्नला चहा पाजा आणि विचारा, "केसेसचा कोटा पुरा करायला पेशंट कुठून मिळतात?" अंतिम वर्षात दाढा काढणं, रूट कॅनॉल, कवळ्या यांची ठरलेली संख्या करावी लागते. तो "ओपीडीतच भरपूर येतात" म्हणाला तर ठीक. "माझा मामा आणला, रूमवरचा वॉचमन आणला, रिक्षाचं भाडं मी दिलं" असं म्हणाला तर फीचं पाकीट परत खिशात ठेवा. माझ्या आठवणीत अंतिम वर्षाच्या परीक्षेच्या आदल्या रात्री कवळीचा पेशंट येईना म्हणून आम्ही तिघी मैत्रिणी एका वृद्धाश्रमाच्या दारात उभ्या होतो.

वैद्यकीय महाविद्यालय असेल तर वॉर्डात चला. खाटांवर चादरी आहेत की माणसं? रात्री आठनंतर अपघात विभागात कोण असतं? नवीन महाविद्यालयात दुसऱ्या वर्षाच्या मुलांना विचारा, मागच्या महिन्यात कुठल्या विषयाचे तास झालेच नाहीत. वसतिगृह किती लांब आहे तेही बघा, कारण रात्री दोनला वॉर्डातून खोलीवर तुमची मुलगी चालत जाणार आहे, आणि त्या रस्त्यावर दिवे आहेत का ते माहितीपुस्तिकेत लिहिलेलं नसतं.